एका चुलीच्या दोन झाल्यावर हिशोब कसा मांडायचा

काही महिन्यांपूर्वी एका रविवारी दुपारी बेळगावच्या वडगावातली, नवऱ्याचं घर सोडलेली एक बाई माझ्याकडं आली. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवी कागदांनी फुगलेली. पाण्याचा तांब्या अर्धा संपवला आणि म्हणाली, "आक्का, मी काय आता परत तिकडं जातो म्हणत न्हाई. पण महिना कसा काढायचा तेवढं सांग." (आमच्या बेळगावात बायकाही 'मी जातो, मी येतो' म्हणतात. पुण्याच्या मंडळींनी दचकू नये.)

पिशवी ओतली. रेशन कार्डाची झेरॉक्स, तीन पासबुकं, फायनान्सच्या हप्त्यांचं कार्ड, पोरांच्या फीच्या पावत्या, सोनेतारणाची एक चुरगळलेली पावती. मी रविवार पेठेतल्या तीन दुकानांचे हिशोब लिहिते, पूर्वी लाल वहीत, आता कॉम्प्युटरवर, टॅलीत. कोर्ट-कचेरीतलं मला येतं ते सगळं स्वतःच्या अंगावर काढून आलेलं आहे. 2015 साली मुलीला घेऊन मी बाहेर पडले. त्यामुळं गल्लीतल्या बायका वकिलाकडं जायच्या आधी माझ्याकडं येतात. हल्ली दोन पुरुषही येऊन गेले. प्रत्येकाला मी जे करायला लावते ते इथं लिहिते.

आधी दोनशे पानी वही आणा. मोबाइलमध्ये लिहू नका, मोबाइल फुटतो, नवरा घेतो, पोरगं गेम खेळताना पुसतं.

पहिल्या पानावर पगार लिहायचा नाही. सगळे तिथंच चुकतात. बाई म्हणते "माझे पाच हजार", गडी म्हणतो "माझे बावीस", आणि दोघं त्यावरून भांडतात. पहिल्या पानावर तोंडं लिहायची. घरातलं पहिलं मोठं माणूस म्हणजे 1. दुसरं मोठं माणूस 0.5. चौदा वर्षांखालचं प्रत्येक पोर 0.3. ही मोजपट्टी माझी नव्हे, श्रीमंत देशांची ओईसीडी नावाची संघटना आहे, तिची. दुसऱ्या माणसाला अर्धाच का? कारण छप्पर एकच, मीटर एक, सिलिंडर एक, मिक्सर एक. दुसरं माणूस आलं म्हणून भाडं दुप्पट होत नाही.

आता त्या बाईचं पान मांडू. तिचा नवरा उद्यमबागच्या एका फाउंड्रीत, हातात 22,000. ती फॉल-पिको आणि ब्लाऊज करून 5,000. दोन पोरं, सातवीत आणि चौथीत. म्हणजे एकत्र असताना 27,000 रुपये आणि मापं 1 + 0.5 + 0.3 + 0.3, बरोबर 2.1. भागाकार केला की एका मापाला 12,857. हे त्यांचं राहणीमान, दोघांचंही सारखंच.

ती पोरांना घेऊन वेगळी झाली. तिच्याकडं मापं 1.6, त्याच्याकडं 1. बेरीज झाली 2.6. कमाई तेवढीच, मापं मात्र 2.1 वरून 2.6. दोघांनाही पहिल्यासारखं राहायचं असेल तर घरात जवळजवळ साडेसहा हजार जादा यायला हवेत, आणि ते कुठून येणार? हा तोटा ना तिनं केला ना त्यानं. दुसऱ्या खोलीचं भाडं, दुसरं सिलिंडर, दुसरा फ्रिज यांनी तो केला. दोन्ही बाजूंना मी हे आधी समजावते, नाहीतर जो तो समजतो की समोरच्यानं लुबाडलं.

पण तोटा वाटून कसा येतो ते पाहा. सुप्रीम कोर्टानं 2017 च्या एका निकालात निव्वळ पगाराच्या 25 टक्के ही पोटगी वाजवी मानली. तो काही पक्का कायदा नव्हे, पण वकील मंडळी तोच आकडा धरतात. 22,000 चे 25 टक्के म्हणजे 5,500. तिच्याकडं 10,500 आले, भागिले 1.6, एका मापाला साधारण 6,560. त्याच्याकडं राहिले 16,500, भागिले 1. ती निम्म्यावर आली, तो सव्वापटीच्या वर गेला. आई-बाप त्याच्यावर असतील तर त्याची मापं 2 होतात, एका मापाला 8,250. तेही लिहा, लपवू नका, कारण कोर्टात त्याचा वकील ते लिहिणारच आहे. तरी ती खालीच राहते, हे तेवढं बघून ठेवा.

हिशोबाचीच एक गोष्ट इथं सांगते, कारण ती मला फार आवडते. अमेरिकेत लेनोर वाइट्झमन नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लॉस एंजेलिस भागातली घटस्फोटित माणसं अभ्यासून 1985 मध्ये लिहिलं की घटस्फोटानंतर बायकांचं राहणीमान 73 टक्क्यांनी घसरतं आणि पुरुषांचं 42 टक्क्यांनी वाढतं. आकडे जगभर गाजले. 1996 मध्ये रिचर्ड पीटरसन यांनी तीच मूळ माहिती घेऊन बेरीज-वजाबाकी पुन्हा केली, तर निघालं बायकांचं 27 टक्के खाली आणि पुरुषांचं 10 टक्के वर. आकडा चुकला होता, दिशा नव्हती चुकली. युरोपातल्या पाहण्यांतही तीच दिशा दिसते. मी मात्र यातून एवढंच घेतलं की आपला आकडा आपण दोनदा तपासायचा. कोर्टात फुगवलेला एक आकडा उघडा पडला की बाकीचे खरे आकडेही खोटे वाटायला लागतात.

म्हणून दुसऱ्या पानावर तीन ओळी. पोटगी पूर्ण आली तर, अर्धी आली तर, आलीच नाही तर. तिसरी ओळ लिहिताना बायकांचा हात थांबतो. त्या बाईची तिसरी ओळ 5,000 भागिले 1.6, म्हणजे 3,125. ती बराच वेळ त्या आकड्याकडं बघत होती. मग म्हणाली, "ह्याच्यात शाळेची रिक्षा बसत न्हाई." मी म्हटलं, हेच कळायला हवं होतं. भाड्याची खोली, शाळा, रिक्षा या तिसऱ्या ओळीवर ठरवा, पहिलीवर नाही. पोटगी आली तर ती कर्जाला आणि बचतीला लावता येते.

आता कोर्टाची तारीख, आणि इथं माझीच चूक सांगते. बाहेर पडल्यावर मी चौदा महिने अर्जच केला नाही. वाटायचं, मिटेल, मोठी माणसं बसतील, दिवाळीनंतर बघू. शेवटी 4,500 रुपये महिना पोटगी बसली, ती अर्जाच्या तारखेपासून. चौदा महिन्यांचे 63,000 रुपये माझ्या संकोचानं खाल्ले. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 4 नोव्हेंबर 2020 रोजी स्पष्टच सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता, उत्पन्न, कर्जं सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. अर्ज केला म्हणजे काडीमोड झाला असं नव्हे. समेट झाला तर अर्ज मागं घेता येतो, गेलेले महिने परत येत नाहीत.

अर्ज कुठं करायचा, यात आपल्या सीमेवरच्या बायकांना एक सोय आहे. माहेर महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात आणि सासर बेळगावात, अशा किती घरांची नावं सांगू. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पोटगीचं कलम 144 आहे (जुनं 125, जुलै 2024 पासून बदललं), आणि बायको राहते तिथल्या कोर्टात तो अर्ज चालतो. सीमेवरची शिनोळी ओलांडून माहेरी राहायला गेला असाल तर तिकडं मराठीत काम होतं. बेळगावातच राहिलात तर इथं अर्ज करा, पण कन्नड किंवा इंग्रजी कागदावर सही करायच्या आधी विश्वासातल्या माणसाकडून ओळ न ओळ वाचून घ्या. माझ्या एका ओळखीच्या बाईनं "तडजोडीचा कागद" म्हणून सही केली होती, त्यात एकरकमी घेऊन पुढचं सगळं सोडल्याचं लिहिलं होतं. वकिलाची फी नसेल तर कोर्टाच्या आवारात कायदा सेवा प्राधिकाराचं ऑफिस असतं. 1987 च्या कायद्याप्रमाणं बाईला तिथं मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अर्जात मुलांची नावं आणि खर्च वेगळा मांडा, "मी आणि मुलं" असं एका ओळीत गुंडाळू नका.

पगारदार नवऱ्याचं उत्पन्न स्लिपवर दिसतं. दुकानदाराचं किंवा साड्या विणणाऱ्या मागवाल्याचं कुठं दिसतं? माझ्यासारखीच्या टॅलीत, आणि टॅलीत काय दिसावं हे मालक ठरवतो, हे मी वीस वर्षं बघते आहे. म्हणून उत्पन्न शोधू नका, खर्च शोधा. लाइट बिल, गाडीचा हप्ता, पोरांची फी, पतसंस्थेत, म्हणजे सोसायटीत, रोज भरलेली पिग्मी. आणि सगळ्यात बोलका कागद म्हणजे कर्जाचा अर्ज. बँकेला कर्ज मागताना माणूस आपलं उत्पन्न चढवून सांगतो, कोर्टात उतरवून सांगतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले की वकिलाला फार बोलावं लागत नाही. घर सोडताना दागिन्यांच्या डब्याआधी या कागदांचे फोटो काढा.

दागिन्यांचं निघालंच आहे तर तेही. माझं पाच तोळ्यांचं गंठण नवऱ्यानं एका सोसायटीत तारण ठेवलं होतं, पावती त्याच्या नावावर. सोसायटीवाल्यांच्या दृष्टीनं सोनं त्याचं. स्त्रीधन बायकोचंच, नवरा फार तर सांभाळणारा, असं सुप्रीम कोर्टानं 1985 मध्येच सांगून ठेवलंय, पण ते सोनं माझं आहे हे दाखवायला मला सराफाची जुनी पावती लागली, आणि ती माझ्या आईच्या ट्रंकेत, भावाच्या लग्नाच्या पत्रिकांखाली सापडली. आईनं जपली नसती तर गेलंच होतं. तेव्हा यादी करा: कुठला दागिना, किती तोळे, कुणी घातला, कुठल्या फोटोत दिसतो.

घराच्या भिंतीवर मात्र फार आशा ठेवू नका. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की पोर्तुगीजांच्या जुन्या संहितेपासून चालत आलेला कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी निम्मी. घाटाच्या अलीकडं तसं नाही. इथं उताऱ्यावर ज्याचं नाव, घर त्याचं. अठरा वर्षं सारवलं, रंगवलं, हप्ता भरायला मंगळसूत्र मोडलं, तरी नाव नसेल तर वाटा नाही. राहण्याचा हक्क 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मागता येतो, पण राहणं वेगळं आणि मालकी वेगळी. चाळीस-पन्नास किलोमीटरवर हा फरक पडतो याचं मला आजही नवल वाटतं. आमच्या भागात सीमेवरून इतकं बोललं जातं, या सीमेवरून कुणी बोलत नाही.

आता कर्ज. त्या पिशवीतलं सगळ्यात जड कार्ड हेच होतं. बायकांचे गट करून छोटी कर्जं देणारे फायनान्सवाले कर्ज बाईच्या नावानं देतात, कारण बाई हप्ता चुकवत नाही. तिच्या नावावर 50,000, त्यातून आली नवऱ्याची मोटरसायकल. ती बाहेर पडली, मोटरसायकल तिथंच राहिली आणि हप्ता तिच्यामागं आला. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमात आहे की असं कर्ज घेणाऱ्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या 50 टक्क्यांवर जाऊ नयेत, पण ते उत्पन्न आख्ख्या कुटुंबाचं धरलेलं असतं. कुटुंब फुटल्यावर ते गणितच राहत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात शाखेत जाऊन लेखी द्या: पत्ता बदलला, कमाई एवढीच, मुदत वाढवून हप्ता कमी करा. पोच घ्या, शिक्का मारून. गाडीचं बिल नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याची प्रत पोटगीच्या अर्जाला जोडा. वसुलीवाला दारात येऊन शिव्या द्यायला लागला तर 2025 मध्ये कर्नाटकानं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कायदा केलाय, पोलिसांत जाता येतं. आणि हा हप्ता भरायला दुसऱ्या गटातून नवं कर्ज काढू नका. हे मी हात जोडून सांगते.

रेशन कार्डाचं काम कंटाळवाणं आहे, पण दर महिन्याचा पैसा त्यावर आहे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2,000 रुपये कार्डावर जी कुटुंबप्रमुख बाई असेल तिला जातात, आणि आपल्याकडं ती सासू असते. तुम्ही बाहेर पडलात म्हणून ते तुमच्या मागं येत नाहीत. आधी आधारचा पत्ता बदला, मग त्या कार्डातून नाव कमी करून वेगळ्या कार्डासाठी अर्ज करा. नवे अर्ज कधी सुरू असतात, कधी बंद. ग्राम वन किंवा बेळगाव वन या सरकारी सेवा केंद्रांत दर पंधरा दिवसांनी विचारत राहा. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीत, म्हणजे महसुलाच्या ऑफिसात. माहेरी महाराष्ट्रात कायमची गेलेली असाल तर तिकडं लाडकी बहीण योजनेत परित्यक्ता आणि घटस्फोटित बायकाही बसतात. दोन्हीकडं नाव लावून दोन्ही खाऊ असं मात्र कुणी सुचवलं तर ऐकू नका, आधार एकच असतं. कर्नाटकात मनस्विनी पेन्शन आहे, 40 ते 64 वयाच्या दारिद्र्यरेषेखालच्या अविवाहित आणि घटस्फोटित बायकांना, पण नुसतं वेगळं राहणाऱ्या बाईला घटस्फोटाचा कागद कुठून आणायचा? 2011 च्या जनगणनेत घटस्फोटित आणि विभक्त असे दोन वेगळे रकाने आहेत. विभक्तांची संख्या घटस्फोटितांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि दोन्ही रकान्यांत बायका जास्त. गडी पुन्हा बोहल्यावर चढतो, त्याचं नाव रकान्यातून निघून जातं.

प्रवासाच्या ओळीत बेळगाव-खानापूर शून्य लिहा, कर्नाटकाच्या शक्ती योजनेमुळं बायकांना साध्या बसला तिकीट नाही. सीमा ओलांडणाऱ्या गाडीत पैसे पडत असतील तर ते लिहा.

पुरुषांबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. खासबागेतला एक मागवाला माझ्याकडं आला होता, चार माग, बायको वर्षभरापूर्वी गेलेली. म्हणाला, "वैनी, माल तेवढाच निघतोय, पैसा का उरंना?" वही काढली. बायको पहाटे पाचपासून मागासाठी धागा गुंडाळून कांड्या भरायची, तुटलेला धागा सांधायची, तो साड्या द्यायला पेठेत गेला की माग बघायची. आता कांड्या भरायला बाई ठेवली, 3,000. खानावळीचा डबा, 2,800. तो बाहेर गेला की चारांतले दोन माग बंद. माल तेवढाच निघतोय हेही खरं नव्हतं. त्याच्या अठरा वर्षांच्या वहीत कांड्यांचा एक रुपया कुठं लिहिलेला नव्हता. ती गेल्यावर मजुरी म्हणून पहिल्यांदा वहीत आला. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्यानं विचारलं, "हे तिच्या वकिलाला सांगणार काय?" मी म्हटलं, मी कुणाला काही सांगत नाही, पण तिची वही मी लिहिली तर त्यात हे असणार.

तर तुमच्याही वहीत ते पान करा. घरात, शेतात, दुकानात बिनपगारी काय केलंत, आणि त्या जागी बदली माणूस ठेवला तर तो काय घेईल. काजू फोडणं असो, बिड्या वळणं असो, दुकानाचा गल्ला सांभाळणं असो. बाजारभावानं लिहा, रागानं नको.

शेवटचं पान पोटगीच्या आवकीचं. महिना, ठरलेली रक्कम, आलेली रक्कम, तारीख, बाकी. रोख घेऊ नका, खात्यावर मागा. थकली तर कलम 144 खाली वसुलीचा अर्ज करता येतो, पण रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत. वर्ष उलटलं की त्या महिन्याची वसुली या वाटेनं होत नाही. म्हणून मी बाकीच्या रकान्याशेजारी लाल पेनानं अजून एक तारीख लिहायला लावते, वर्ष भरायच्या एक महिना आधीची.

वडगावची बाई परवा आली होती. पिशवीऐवजी वही काखेत होती. दोन महिने पोटगी नाही, लाल तारखा लिहिलेल्या. खोली तिनं तिसऱ्या ओळीवरच घेतली, 1,800 भाड्याची, शाळेपासून चालत जाण्याजोगी. रिक्षा बंद केली.